वाटीतल्या बांगड्या

किशोरीच्या हातात हिरव्या बांगड्या आल्या त्या लग्नात, आणि बेंजो आला तो पोरगी शाळेत जायला लागल्यावर. या दोघांचं एकमेकांशी जमायचं नाही, हे तिला पहिल्याच दुपारी कळलं.

बेंजो म्हणजे आपल्या हळदीत वाजतो तो. लांबट लाकडी पेटी, खाली तारा, वर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताची बोटं बटणांवर पळवायची आणि उजव्या हातात प्लास्टिकची पट्टी धरून तारा छेडायच्या. उजवा हात जरा वेगात फिरला की काचेच्या बांगड्या पेटीच्या कडेवर आपटत. गाणं राहायचं बाजूला, भांडी घासल्यासारखा आवाज व्हायचा. म्हणून ती उजव्या हातातल्या बांगड्या काढायची. हात हाडकुळा, सहज निघायच्या. खिडकीच्या कठड्यावर स्टीलची वाटी होती, तिच्यात ठेवायची. वाजवून झालं की परत भरायची. हे घरात कोणालाही माहीत नव्हतं. नवरा ट्रेलर घेऊन रस्त्यावर आणि सवाष्ण बाई घरात हात मोकळा करून गाणी वाजवत बसलीय, हे कळलं असतं तर सासूनं सुकापूर डोक्यावर घेतलं असतं.

किशोरी मूळची बेलपाड्याची. बाप गावच्या बेंजो पार्टीत वाजवायचा. त्यानं पोराला शिकवलं, पोरीला नाही. "पोरीनं हळदीत नाचायचं, वाजवायला पोरं हायत," असं त्याचं म्हणणं. किशोरी दाराआड उभी राहून बघायची आणि पीठ मळताना परातीच्या काठावर तीच बोटं चालवायची. बाप गेला, भाऊ मिथुननं मोठा कीबोर्ड घेतला, बेंजो माळ्यावर धूळ खात पडला. मागच्या दिवाळीत तिनं विचारलं तर तो बोलला, "ने, कोमलला खेळायला होईल." जुन्या लुगड्यात गुंडाळून, मांडीवर ठेवून तिनं तो रिक्षातून सुकापूरला आणला. पोरगी कोमल त्याच्याकडं ढुंकून बघत नाही.

सकाळी किशोरी नवीन पनवेलच्या एका खानावळीसाठी तांदळाच्या भाकऱ्या थापते. त्या गेल्या की घरातली कामं. दुपारी कोमल क्लासला आणि सासू सोनाबाई आतल्या खोलीत लवंडलेली, तेवढा वेळ तिचा. वायर लावायची नाही, स्पीकर नाही. मांडीवर उशी, उशीवर पेटी. भिंतीपलीकडे आफरीन राहते, तिला तेवढं ऐकू जायचं. "भाभी, कल अच्छा था, आज गडबड केली तुम्ही," असं ती जिन्यात हळूच सांगायची.

सोनाबाईची दुपारही ठरलेली. जेवली की गॅलरीतल्या चुलाण्यावर वेगळ्या तव्यात तंबाखूची मशेरी भाजायची. त्या वासानं अख्खा मजला खोकायचा. मग हिरड्यांना मशेरी लावून ती जुन्या गोष्टी सांगायची. तिची सगळ्यात लाडकी गोष्ट गोदूबाईची. गोदूबाईनं पोराच्या नोकरीसाठी एकवीरा आईला बकरा बोलला, आणि पोराला नोकरी लागल्यावर जावेच्या दावणीचा बकरा सोडून घेऊन चालली. "जावेनं झिंज्याच धरल्या तिच्या," सोनाबाई हसत सांगायची. "नवस बोलायचा तो आपल्या पदरातला. दुसऱ्याच्या दावणीचा बोलायला काय जातं?" ही गोष्ट किशोरीनं इतकी ऐकली होती की कुठं हुंकार द्यायचा ते तिला झोपेतही कळायचं.

त्या मंगळवारी नवरा दीपेश चाकणला माल उतरवून परत बंदरावर निघाला होता. किशोरी हळदीच्या गाण्यातली एक जागा बसवत होती. तीन बोटं चढत जातात आणि शेवटी अनामिकेनं एक बटण निसटतं दाबून लगेच सोडायचं. महिनाभर ती जागा हातात येत नव्हती. बोट एकतर उशिरा पडायचं, नाहीतर दोन बटणांच्या मधेच अडकायचं. त्या दुपारी ते बरोबर पडलं. तिनं परत वाजवलं, परत पडलं. स्वतःशीच हसायला तोंड उघडलं आणि दारावर थाप पडली.

दारात आफरीन, हातात मोबाईल. तोंड उतरलेलं.

"भाभी, घाबरू नका. दीपेशभाई आज कुठल्या रूटला आहेत?"

"का?"

आफरीननं मोबाईल पुढं केला. पळस्प्याला ट्रेलर आडवा झाला होता. कंटेनर सुटून रस्त्यावर पडलेला, लाल केबिन चेपलेली, बाजूला माणसांची गर्दी. व्हिडिओ घेणाऱ्याचा हात इतका हलत होता की नंबर दिसत नव्हता. खाली कुणीतरी लिहिलं होतं, ड्रायव्हर जागीच गेला.

दीपेशची केबिनही लाल. रस्त्यावरच्या निम्म्या केबिनी लाल असतात, हे किशोरीला माहीत होतं. तरी तिनं फोन लावला. बंद. परत लावला. बंद.

"काय झाला?" सोनाबाई पदर सावरत बाहेर आली.

आफरीननं थोडक्यात सांगितलं. सोनाबाईनं मोबाईलकडं बघितलंच नाही. तिची नजर किशोरीच्या हातावर अडकली होती, ज्या हातानं ती फोन कानाला लावून उभी होती.

"हाताला काय झाला तुज्या?"

किशोरीनं हात खाली घेतला. सोनाबाईनं खोलीभर बघितलं. उशीवरची पेटी. कठड्यावरची वाटी.

"कवापास्ना काढतेस?"

"आई, आदी फोन लागूदे."

"कवापास्ना काढतेस, इचारलंय मी."

किशोरी वाटीकडं गेली आणि बांगड्या भरायला लागली. रोज दोन बोटांनी सरकणाऱ्या बांगड्या आज घामानं हाताला चिकटत होत्या. तिनं जोर दिला आणि एक बांगडी वाढली. फुटली असं त्या घरात कोणी म्हटलं नसतं, त्या क्षणी तर नाहीच. अंगठ्याच्या मुळाशी रक्ताची रेघ उमटली आणि हिरवे तुकडे फरशीवर पडले. तिघीही त्यांच्याकडं बघत राहिल्या.

सोनाबाई खाली बसली. तिचे स्वतःचे हात गेली कित्येक वर्षं रिकामेच होते. ते तिनं गुडघ्यांवर उपडे ठेवले.

"नवरा रस्त्याव, आनि तू हात उघडा टाकून वाजवत बसतेस," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला. "कोनासाठी वाजवतेस गो? कोन बसलंय ऐकायला?"

"दादी, असं नका बोलू," आफरीन म्हणाली. "तसं काही नसतं."

"तुज्यात नसल बाय. आमच्यात असतं."

आफरीननं तुकडे गोळा केले आणि भाऊ अरबाजला फोन लावला. त्याचं पळस्प्याला पंक्चरचं दुकान आहे. इकडं किशोरीनं ट्रान्सपोर्टच्या ऑफिसला फोन केला. तिथला माणूस म्हणाला, गाडी चाकणहून निघाली एवढंच कळतंय, घाट उतरली की नाही माहीत नाही. एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. नंतर लावला तर उचललाच नाही.

सोनाबाई उठली. फ्रिजच्या वर फळीवर एकवीरा आईचा फोटो होता, त्यापुढं दिवा लावला आणि सुनेला हाक मारली.

"इकडं ये. आईम्होरं उभी राहा आनि बोल. माजा नवरा सुखरूप येऊदे, मी परत त्या पेटीला हात लावनार नाय. बोल."

किशोरी उभी राहिली. हात जोडले. बोललं तर दीपेश खरंच त्या चेपलेल्या केबिनीत आहे आणि तिच्या बांगड्यांनीच त्याला तिथं नेलं, असं ठरत होतं. नाही बोललं आणि तो आलाच नाही, तर मग जन्मभर काय तोंड दाखवायचं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, हात जोडून उभी असताना तिच्या डोक्यात नवऱ्याच्या आधी ती अनामिकेची जागा आली. आजच बसली होती. ती सोडायची? स्वतःचीच तिला भीती वाटली.

"नाय बोलत?"

किशोरीनं जोडलेले हात खाली घेतले.

"मग मी बोलते." सोनाबाईनं डोळे मिटले. "आई, पोर घरी आन माजा. या घरात ती पेटी परत वाजनार नाय. शब्द हाय माजा."

तेवढ्यात अरबाजचा फोन आला. पोलिसांनी दोरी बांधलीय, जवळ जाऊ देत नाहीत, नंबर कंटेनरखाली गेलाय. "ड्रायव्हर दाढीवाला होता बोलतात," तो म्हणाला. आफरीननं ते सांगताना मान फिरवली.

दीपेश निघाला तेव्हा त्यानं चार दिवस दाढी केली नव्हती. निघताना किशोरीच बोलली होती, भिकाऱ्यावानी दिसतंय म्हणून.

कोमल क्लासहून आली, तिला आफरीननं आपल्या घरी नेलं. खानावळीतून फोन आला, उद्याच्या भाकऱ्या वाढवून हव्यात म्हणून. किशोरीनं हो म्हटलं आणि किती ते विचारायचं राहूनच गेलं. दिव्यातलं तेल संपत आलं की सोनाबाई उठून घालायची, परत बसायची. किशोरी फोन लावत राहिली, आणि तो बंद असल्याचं सांगणारी बाई तेच ते वाक्य ऐकवत होती.

उन्हं उतरली तेव्हा अनोळखी नंबर वाजला. किशोरीनं उचलला.

"किशू, मी बोलतंय. मोबाईल पडला, डिस्प्ले गेला त्याचा. पळस्प्याला एक गाडी पलटी झालीय, तिच्या पाठीच अडकलोय कवापास्ना. जेवायला काय केलंस?"

"सुकट," ती म्हणाली. केलं काहीच नव्हतं. फोन तिनं सासूच्या हातात दिला आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसली.

बाहेर सोनाबाई पोराला विचारत होती, "तो कोनाचा होता रं? त्या गाडीतला?"

तो कोणाचा होता ते कळलं नाही. पण जिवंत होता. पाय चेपला होता, दवाखान्यात नेला. जागीच गेला हे कुणीतरी बसल्या जागी लिहिलं होतं.

दीपेश आला, अंघोळ केली, जेवायला बसला. सोनाबाईनं बेंजो जुन्या लुगड्यात गुंडाळून, गाठ मारून त्याच्यासमोर आणून ठेवला.

"सकाली बेलपाड्याला देऊन ये मिथुनला."

"कंला, काय झाला?"

"नवस बोल्लाय."

"मी नाय बोलले," किशोरी म्हणाली.

"मी बोलले. तुज्या वतीनं."

किशोरीनं भाकरी वाढली. "आई, गोदूबाईनं जावेचा बकरा बोलला तवा तुमीच हसायच्या ना?"

दीपेशला ठसका लागला. सोनाबाई हसली नाही. ती सुनेकडं बघत राहिली आणि हळूहळू तिच्या चेहऱ्यावर वेगळीच भीती चढली. शब्द तर दिला होता. पोर तर आलं होतं. आणि ते उद्या परत गाडीवर जाणार होतं.

"मग मी काय करू?" ती म्हणाली. "आईला काय सांगू, फुकट आनलास म्हनून?"

"तुमच्या पदरातलं द्या."

"माज्या पदरात काय हाय गो? हात तर बग माजे."

किशोरीनं गॅलरीकडं बघितलं. तव्याकडं, मशेरीच्या डबीकडं. दीपेशचा घास हातातच राहिला. ती मशेरी त्याच्या जन्माच्या आधीपासून त्या तोंडात होती.

दुसऱ्या दिवशी मजल्यावर मशेरीचा वास आला नाही. डबी एकवीरा आईच्या फोटोपुढं ठेवलेली होती, झाकण घट्ट लावून. सोनाबाई देवीशी काय बोलली ते तिनं कोणाला सांगितलं नाही. पुढचे दिवस घरात काढणं कठीण झालं. तिचं डोकं ठणकायचं, हिरड्या खाजायच्या, कोमलनं पंखा लावला म्हणून ओरडायची, बंद केला म्हणून ओरडायची. किशोरी खाली मान घालून भाकऱ्या थापत होती. बेंजोची गाठ तिनंही सोडली नाही. सोडवेना.

दीपेश परत चाकणला गेला त्या दुपारी सोनाबाई गाल धरून तिच्यापुढं येऊन उभी राहिली.

"सोड त्याची गाठ."

"असूंदे, आई."

"असूंदे काय? माजी मशेरी गेली ती अशीच पान्यात घालतेस? वाजव."

किशोरीनं गाठ सोडली. उशी घेतली. पेटी ठेवली. सवयीनं डावा हात उजव्या मनगटाकडं गेला आणि तिथंच थांबला. सासू बघत होती. पण सासू घरात नसती तरी आपण काढल्या असत्या का, हे तिला सांगता आलं नसतं. ती उठली, कोमलचा जुना शाळेचा मोजा घेतला, पुढचं टोक कापलं आणि बांगड्यांवरून कोपरापर्यंत ओढला.

"हात भाजल्यावानी दिसतंय," सोनाबाई म्हणाली आणि दाराला टेकून बसली.

किशोरीनं वाजवायला घेतलं. मोज्यात बांगड्या दबल्या होत्या, आवाज होत नव्हता. हात मात्र जड लागत होता. वाटी परत स्वयंपाकघरात गेली होती. तिच्या जागी कठड्यावर आता मोबाईल होता, उताणा, डोळ्यांना दिसेल असा.

तीन बोटं चढली. नेमकं तेव्हा तिची नजर मोबाईलकडं गेली. काळाच होता. अनामिका उशिरा पडली.

"चुकलीस," सोनाबाई म्हणाली.

"हां," किशोरी म्हणाली आणि परत पहिल्यापासून सुरू केलं.