आईच्या मागचा बांबू

“यात चीन कुठे आहे?” हा प्रश्न मी त्या वर्षी इतक्यांदा ऐकला, की अजूनही कुणी एखाद्या पेंटिंगसमोर मान तिरकी करून उभं राहिलं तर माझं डोकं फिरतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मुंबईत आर्टचा डिप्लोमा करून मी मिशिगनला पेंटिंगच्या मास्टर्ससाठी आले होते. राहायला जवळच्या ट्रॉय गावात, आईच्या मैत्रिणीच्या, म्हणजे काकूंच्या बेसमेंटमध्ये. कॉलेजात मला मिळालेला स्टुडिओ निम्मा एका चिनी बाईचा होता, मध्ये नुसता एक पडदा. माझ्यापेक्षा बरीच मोठी. तिच्या नावाचा उच्चार मला काही केल्या जमेना, म्हणून मी तिला ताई म्हणायला लागले. अर्थ सांगितला तेव्हा ती खूश झाली.

आम्हा दोघींचं शिक्षण अगदी एकाच साच्यातलं. आधी प्लास्टरचे पुतळे, मग कोळशाने शेडिंग, मग ऑइल. शाई आणि ब्रशचं जुनं चिनी पेंटिंग तिच्या कॉलेजात तेव्हा बंदच होतं, जुनाट म्हणून. तिने ते पाहिलेलं फक्त एका शेजाऱ्याच्या घरी, दार लावून. त्यातून तिने एकच गोष्ट उचलली होती, ती म्हणजे मोकळी जागा.

वर्षभर ती आईचं पोर्ट्रेट करत होती. भला मोठा कॅनव्हास, आणि आई पार खालच्या कोपऱ्यात खुर्चीत बसलेली. चेहरा, हात, सुरकुत्या, सगळं जाड ऑइलमध्ये, थेट युरोपियन पद्धतीचं. बाकी कॅनव्हासवर काहीच नाही. म्हणजे बघणाऱ्याला काहीच नाही. तिथे तिने आठवडेच्या आठवडे करड्या-पांढऱ्याचे पातळ थर दिले होते. “आई आता एकटी असते,” ती मला म्हणाली. “मी इथे आले, त्यामुळे तिच्या आजूबाजूला हे एवढंच उरलं.”

आमचे सर मनाने चांगले होते, हीच तर पंचाईत. दुष्ट माणसाशी भांडता तरी येतं. ते यायचे, मान तिरकी करायचे आणि प्रेमाने सांगायचे, “पोर्ट्रेट उत्तम आहे, पण बॅकग्राउंड फिनिश कर. आणि यात तुझा चीन कुठे आहे? तुझी परंपरा आण ना.” सगळ्या प्राध्यापकांपुढे होणाऱ्या रिव्ह्यूमध्ये नापास झाली असती तर ताईची असिस्टंटशिप कॅन्सल झाली असती, आणि असिस्टंटशिप नाही म्हणजे व्हिसा नाही. चंबूगबाळं आवरून परत.

एकदा मला राहवलं नाही. “सर, ती मोकळी जागा आहे ना, तोच चीन आहे,” मी म्हटलं. ते हसून म्हणाले, “इंटरेस्टिंग.” अमेरिकेत इंटरेस्टिंग म्हटलं की विषय संपला, एवढं मला तोवर कळलेलं होतं.

घरी येऊन मी काकूंपुढे आग ओकले. त्या शांतपणे पोळ्या लाटत होत्या.

“चायनीज आहे ना ती? मग काढू दे की चार बांबू. तुझं काय जातंय?”

“तुम्ही नऊवारी नेसून जाता का ऑफिसला?”

“काहीतरीच काय,” काकू म्हणाल्या आणि तव्यावरची पोळी उलटली.

रिव्ह्यू जवळ आला तशी ताई लायब्ररीतून एक इंग्रजी पुस्तक घेऊन आली. बांबू कसा काढावा यावर, कुणा अमेरिकन बाईंनी लिहिलेलं. ते पुढ्यात ठेवून ती बांबू शिकली. मग सरळ उठून तिने आईच्या मागची सगळी जागा बांबूने भरून टाकली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिच्याशी बोलणंच सोडलं. शेवटी तीच पडद्याच्या अलीकडे आली. “आमच्या गावात बांबू नाहीच,” ती म्हणाली. “थंडीत टिकत नाही तो.” मग हळूच सांगितलं, की खालचे थर खडखडीत वाळलेत. बांबूच्या रंगात तिने मुद्दाम जास्तीचं तेल घातलंय, तो लवकर वाळणार नाही. रिव्ह्यू झाला की टर्पेंटाइन आणि फडकं घ्यायचं आणि पुसून टाकायचा. मला इतकं हसू फुटलं की खाली बसावं लागलं.

रिव्ह्यूला सगळे भारावले. पूर्व आणि पश्चिमेचा संगम, असं तीन जणांनी तरी म्हटलं. सरांचे डोळे खरंच पाणावले होते. असिस्टंटशिप टिकली, आणि वर एक मान: हे पेंटिंग ॲडमिनिस्ट्रेशनच्या लॉबीत कायमचं लागणार. माणसं तिथल्या तिथे ते उचलून घेऊनही गेली. ताई थँक यू म्हणाली. दुसरं काय म्हणणार? परत मागायचं तर बांबू खोटा होता हे सांगावं लागलं असतं, आणि मग आणखी काय काय हातचं गेलं असतं कुणास ठाऊक.

पर्समध्ये फडकं घेऊन आम्ही त्या लॉबीत किती चकरा मारल्या. दर वेळी कुणी ना कुणी तिथे असायचंच. आत हीटिंग रात्रंदिवस चालू, वर पेंटिंगवर खास दिवा. मी चरफडत राहायचे, ताई नुसती बघत राहायची.

बर्फ वितळायला लागलं तेव्हा एका दुपारी डेस्कवर कुणी दिसलं नाही. ताई पुढे झाली आणि तिने आईच्या खांद्याजवळच्या एका पानावर बोट टेकवलं. बोट उचलून पाहिलं. कोरडं.

तेवढ्यात रिसेप्शनिस्ट बाई आतून आली. “प्लीज, पेंटिंगला हात लावू नका,” ती अगदी गोड आवाजात म्हणाली.

मी तोंड उघडलं होतं. ताईने माझी बाही ओढली, “सॉरी” म्हणाली आणि हात कोटाच्या खिशात घातला.