पयलो आबा

सकाळी पाववाल्या पोदेराचा भोंपू वाजला की कोरगावात आमच्या वाड्यावर पहिला पाव घ्यायचा तो आबांनीच. कुणी त्यांच्याआधी फाटकाशी दिसलं, तर दुसऱ्या दिवशी आबा थेट वळणावर जाऊन उभे राहत. स्वतः सकाळी पेज जेवणारा माणूस, पण पहिला पाव त्यांच्या हातात पडला पाहिजे. काजूच्या हंगामातली पहिली दारू, हुर्राक, तीही त्यांच्याच भाटीतून उतरे. गाव त्यांना 'पयलो आबा' म्हणे.

कुणी हट्टी म्हणे, कुणी ईर्षेखोर. त्यांची बायको माई म्हणायची, "मसणात पण ह्यो रांग मोडून पुढे जातलो!"

आबा हसत. "मागे रवान कोणाचा बरा झाला गो?"

पण त्यांची खरी चुरस चवथीला. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट बांधून तिला रानातली फळं टांगायची, ती माटोळी. आमच्या वाड्यावर तिची स्पर्धा असते. परीक्षक घरोघर फिरतात आणि जिंकणाऱ्याच्या घरी वर्षभर एक फिरती समई राहते.

माझे वडील लवकर गेले. कवंडळ कुठल्या वेलीला धरतं, माट्टीची फळं डोंगराच्या कुठल्या अंगाला, कुंभ्याच्या सालीचा दोर कसा वळायचा, हे सगळं मला आबांनी शिकवलं. शिकवून झाल्यावर दरवर्षी मला हरवलंही. "तुका शिकयलंय तो माका कोणीतरी दमवक होयो म्हणान," असं तोंडावर सांगत. मी पहिल्यांदा जिंकलो, तेव्हा माझ्या माटोळीखाली मान वर करून कितीतरी वेळ उभे होते. "ह्यां खंय गावला रे तुका?" मी सांगितलं नाही. त्यावर तर ते भलतेच खूश झाले.

मग एका वर्षी त्यांना धाप लागायला लागली. डोंगर सुटला. माई मला म्हणाली, "यंदाची त्यांची शेवटची असतली." माझी माटोळी बांधून झाली होती. परीक्षक यायच्या आत मी कवंडळं उतरवली, माट्टी उतरवली, टोपलीत घालून मागल्या दारी न्हाणीजवळ ठेवली आणि वर केळीचं पान झाकलं. समई आबांच्या घरी गेली. मला फार मोठं काही केल्यासारखं वाटत होतं.

संध्याकाळी ते आरतीला आले आणि पाय धुवायला मागल्या दारी गेले. पान वाऱ्याने सरकलं असावं.

आरतीला त्यांनी टाळी वाजवली नाही. प्रसाद घेताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझी कीव केलंस?"

त्यानंतर वर्षभर बोलले नाहीत. गाव म्हणायचं, पयलो आबा जिंकूनही जळतो. दारूच्या तावेर्नात ऐकलं, देवळात ऐकलं, मी तोंड उघडलं नाही. खरं सांगितलं तर त्यांचं जिंकणं खोटं पडेल, अशी मी मनाची समजूत घालत होतो. खरं तर मला माझीच लाज वाटत होती. तेही कुणाला काही बोलले नाहीत. गावाचे टोमणे मुकाट्याने खात राहिले. हे आज पहिल्यांदाच लिहितो आहे.

पुढच्या श्रावणात काठी टेकत ते माझ्या दारापुढच्या बलकांवात आले. समई समोर ठेवली. तिच्यावर काजळीचा ठिपका नव्हता.

"वर्षभर पेटवूक नाय," ते म्हणाले. "माझी न्हय ती. यंदा नीट खेळ. एक फळ जरी लपयलंस तर तुझ्या आरतीक परत पाय ठेवचंय नाय."

त्या वर्षी मी डोंगर पालथा घातला. आबांनी खुर्चीत बसून, नातीला फळांसाठी रानात पळवून माटोळी बांधली. मी जिंकलो. ते माझ्याकडे आले, मान वर करून उभे राहिले. "ही गाठ सैल आसा," म्हणाले. मग आरतीला घरोघर जाऊन स्वतःच सांगत सुटले, "माका हरयल्यान! सारक्या हरयल्यान!"

दिवाळीआधी आबा गेले. माई म्हणायची तसेच गेले. त्यांच्याहून थकलेली माणसं अजून वाड्यावर होती.

आज हातात घेतलेलं काम मी अर्ध्यावर सोडत नाही, आणि समोरच्यालाही सूट देत नाही. हे देणं त्यांचं.

आता त्यांची माटोळी ती नात, रुची, बांधते. माझे गुडघे दुखतात हे तिला ठाऊक आहे. यंदाच्या चवथीला परीक्षक यायच्या थोडं आधी मागल्या दारी खुडबूड ऐकू आली. जाऊन बघतो तर रुची न्हाणीतली बालदी उचलून खाली बघत होती.

"काय गो?"

"काय नाय, काका. आबांनी सांगून ठेवलाहा. ह्याची माटोळी मागसून बघ, आधी मागला दार बघ."

तिला काही सापडलं नाही. सगळं वर टांगलेलं होतं.

तरी समई तीच घेऊन गेली.