दोन सेल एकदम काढल्यावर

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. ज्यांच्याबरोबर वीस वर्षं एका टेबलावर बातम्या लिहिल्या, त्यांनाही नाही. आणि ज्याला सांगायला हवं होतं, त्याच्यासमोर तर कितीदा बसलो, चहा घेतला, उठून आलो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. यात धाडस काही नाही — एवढं आधीच लिहून ठेवतो.

निमित्त साधं झालं. एका रविवार पुरवणीला घरातल्या जुन्या वस्तूंवर लेख हवे होते. निवृत्त बातमीदाराला असली कामं येतात. मी माझी डिजिटल डायरी निवडली. पुरवणीचं काम पाहणाऱ्या मुलीला ती काय असते हेच ठाऊक नव्हतं. "म्हणजे अ‍ॅप का सर?" तिनं विचारलं. मग म्हणाली, "चालेल. तिचे गुण लिहा, दोष लिहा, सहाशे शब्द."

गुण लिहून झाले. दोषांपाशी थांबलो. तो लेख मी दिला नाही.

गुण आधी सांगतो. खिशातल्या पाकिटाएवढी वस्तू, झाकण उघडलं की एका बाजूला तीन ओळींचा राखाडी पडदा, दुसऱ्या बाजूला मसुराएवढ्या कळा. नागपूरला सीताबर्डीवरून घेतली तेव्हा वर्ध्याच्या पत्रकारांत ती माझ्या एकट्याकडे होती. पाचशेच्या आसपास नंबर मावायचे, आपोआप अक्षरक्रमाने लागायचे. घामाने शाई फुटायची नाही, पानं सुटायची नाहीत. चपटे बटणसेल वर्षभर चालायचे. तिच्यावर कुणाचा फोन येत नसे. आपण कुठे आहोत हे ती कुणाला कळवत नसे. आजच्या मोबाईलशी ताडून पाहिलं, तर हे शेवटचे दोन गुण मोठेच म्हणायचे.

आता दोष. मराठी अक्षरं नव्हती. नावं-गावं सगळी रोमन लिपीत दाबत बसायची. मे महिन्यात वर्ध्याच्या उन्हात पडदा काळा पडायचा, सावलीत धरून फुंकर घालावी लागे. गुप्त कप्पा होता, पण तो उघडायला दर वेळी परवलीचा शब्द, चार-पाच कळा. घाईच्या कामात कोण करणार? मी तो कधी वापरला नाही. आणि सगळ्यात मोठा दोष — आत दोन सेल असत, एक कामाचा, एक आधाराचा. बदलायचे तर एकेक बदलायचे. दोन्ही एकदम काढले की आतलं सगळं पुसलं जायचं. परत यायचं नाही.

ही सगळी यंत्राची बाजू झाली. मी कुठे थांबलो ते आता सांगायला हवं, नाही का?

वडनेरला आमचा वार्ताहर होता, उत्तम. स्टँडसमोर त्याचं शिलाईचं दुकान. फॅक्स हिंगणघाटला, तोही कधी चालू कधी बंद, म्हणून त्याच्या बातम्या एसटीने यायच्या. पाकिटावर लाल शाईने ‘बातमी’ लिहायचं, कंडक्टरच्या हातात द्यायचं, तो ते वर्ध्याच्या स्टँडवर चौकशी खिडकीत ठेवायचा. जिल्हाभर अशीच पद्धत होती. उत्तमच्या कागदांना कडेला शिंप्याच्या खडूचे निळे डाग असत. बोलका माणूस. दुकानात काम दोघांचं आणि गप्पा दहाजणांच्या. मला ‘भाऊ’ म्हणायचा.

एकदा तो पाकीट न पाठवता स्वतः आला. बरोबर त्याचे जावई, धाकट्या बहिणीचे, शालिनीचे यजमान — ढगे. वडनेरच्या पलीकडे एका खासगी संस्थेचं मुलींचं वसतिगृह होतं, तिथे ते लिपिक होते. संस्थेचं नाव लिहीत नाही. ती आता नाही. वसतिगृहाच्या टाकीचं पाणी खराब झालं होतं, मुलींना कावीळ झाली होती, आणि एकेकीला गुपचूप घरी धाडून हजेरीत ‘रजा’ लिहिली जात होती. ढग्यांनी घरी पाठवलेल्या मुलींची यादी उतरवून आणली होती. राहायलाही संस्थेच्याच खोलीत होते. त्यांनी एकच गोष्ट मागितली — नाव येऊ नये. मी म्हणालो, येणार नाही. उत्तम अभिमानानं म्हणाला, "म्या सांगलं होतं नं जवाई, भाऊचं काम पक्कं असते."

ते निघून गेल्यावर मी डायरीत नोंद केली. माझी मांडणी विषयवार होती: आधी संस्थेचं नाव, मग माणसाचं. त्यामुळे संस्थेचे अध्यक्ष आणि संस्थेचे ढगे एकाखाली एक लागले. ढग्यांच्या पुढे मी ‘कावीळ यादी’ असंही लिहून ठेवलं. कशासाठी? विसरायला होऊ नये म्हणून. त्यांच्या शेजाऱ्याचा फोन नंबर होता फक्त, माणूस कोण ते ध्यानात राहायला हवं ना.

दुसऱ्या दिवशी दुपारी अध्यक्षांकडे गेलो. दुसरी बाजू घेतल्याशिवाय बातमी द्यायची नाही, हा आमचा नियम, आणि मी तो पाळत होतो. प्रश्न डायरीत लिहून नेले होते. ते वाचून दाखवताना अध्यक्षांचं लक्ष प्रश्नांपेक्षा यंत्राकडे गेलं.

"हे कॅल्क्युलेटर होय का जी?"

मी सांगितलं, नव्हे. आणि मग — हे लिहायला जड जातंय — मी त्यांना ते दाखवायला लागलो. अलार्म कसा लागतो, जगातल्या शहरांच्या वेळा कशा दिसतात. कावीळ झालेल्या मुलींबद्दल विचारायला गेलेला माणूस, टोकियोत किती वाजले ते दाखवत होता.

"आमचा बी नंबर आहे का यात?"

मी त्यांचा नंबर काढला आणि डायरी त्यांच्या हातात दिली. ते खूश झाले. अंगठ्याने कळा चाचपू लागले. तेवढ्यात चहा आला, मी कप घ्यायला वळलो. कप घेऊन पुन्हा वळेपर्यंत किती वेळ जातो? पुढची कळ एकदा दाबायला तेवढा पुरतो.

"कामाची चीज आहे," ते म्हणाले आणि डायरी परत दिली. पडद्यावर ढग्यांचं नाव होतं. पुढे कावीळ यादी.

मी झाकण लावलं. त्यांनी प्रतिक्रिया दिली — दोन मुलींना साधा ताप होता, पालकांच्या इच्छेने घरी गेल्या. मी शब्द न् शब्द उतरवून घेतला.

इथवरचं निष्काळजीपण म्हणता येईल. इथून पुढे तो शब्द चालत नाही.

परतीची गाडी वडनेरला थांबली. उत्तम मशीनवरून उठून, गळ्यात टेप तसाच, खिडकीशी धावत आला. "झालं का भाऊ? काय म्हणे मोठे मालक?" गाडी तिथे चांगली पाच मिनिटं उभी होती. खाली उतरून एवढंच सांगायचं होतं — नाव कळलंय, जावयाला आजच सावध कर. ढग्यांना काही करता आलं असतं. आधी अर्ज देता आला असता, शालिनीला माहेरी आणून ठेवता आलं असतं. निदान कुठून कळलं, ते तरी त्यांना कळलं असतं. मी म्हणालो, "झालं. उद्या येईल." गाडी सुटली. त्यानं हात केला.

बातमी लागली. आरोग्य विभागाची गाडी गेली, टाकी उपसली, मुलींवर उपचार झाले. आठवड्याच्या आत ढगे निलंबित झाले. कागदावरचं कारण विनापरवानगी गैरहजेरी. खोली रिकामी करायला दोन दिवस दिले होते.

नाव कुणी फोडलं? माहीत तिघांना होतं — ढगे स्वतः, मी आणि उत्तम. पेपरवाले नाव सांगत नाहीत, एवढं ढग्यांनी ऐकलेलं होतं, आणि त्यावर त्यांचा विश्वास होता. उरला उत्तम. ज्याच्या दुकानात सकाळपासून चार माणसं बसलेली असतात, तो.

उत्तम माझ्याकडे आला. कार्यालयात बसला नाही, दारातच उभा राहिला. "भाऊ, तुमच्या त्या डबीत त नव्हतं नं जवाईचं नाव? म्हणजे कोणी पाह्यलं-गिह्यलं त नसन?"

मी म्हणालो, "त्यातलं सगळं केव्हाच उडालं रे. सेल बदलताना. बातमीच्याही आधी."

तो कसनुसा हसला. "मंग त मीच उरलो नं."

तो स्टँडकडे वळल्यावर मी टेबलाच्या खणातून छोटा पेचकस काढला. मागचं झाकण उघडलं, दोन्ही सेल काढून कागदावर ठेवले. चहा मागवला. चहा पिऊन झाल्यावर सेल परत घातले. यंत्रानं विचारलं, सगळं पुसू का — मी होकाराची कळ दाबली. तारीख एक जानेवारी आली. क्रम नीट नोंदवतो, कारण आयुष्यभर दुसऱ्यांच्या घटनाक्रमातल्या चुका काढल्या आहेत: खोटं आधी बोललो, पुरावा नंतर तयार केला. जिल्ह्यातले सगळे नंबर गेले. ते पुन्हा जमवायला पावसाळा संपला. सहकारी हसले — मशीनवर विसंबू नका म्हणे. मीही हसलो.

का केलं? लिहायला बसलो तर कारणं येतात. ज्याच्याकडून नाव फुटतं, त्याला जिल्ह्यात पुन्हा कुणी काही सांगत नाही. माझी बदली व्हायची होती. घरी लहान मुलगी. तिन्ही खरी आहेत. पण लिहिली की ती बाजू वाटायला लागते, म्हणून इथेच थांबतो.

ढगे देवळीला गेले, एका कृषी केंद्रात लागले. शालिनीने वडनेरला येणं सोडलं. पहिली काही वर्षं उत्तम भाऊबीजेला देवळीला जायचा. ढगे दारात खुर्ची टाकून बसलेले असत. "ती घरी नाई," म्हणायचे. आत भांड्यांचा आवाज येत असायचा. उत्तमने बातम्या पाठवणं बंद केलं. रागावून नाही. म्हणाला, माझ्या तोंडचं आता कोण खरं मानंन? मी वडनेरला दुसरा माणूस नेमला. माझ्या निवृत्तीच्या सत्कारात कावीळ प्रकरणाचा उल्लेख झाला. वक्ते म्हणाले, स्रोत कधी उघड न करणारा पत्रकार. मी हार घातलेला तसाच बसून होतो.

गेल्या वर्षी शालिनी गेली. सावंगीच्या दवाखान्यात महिनाभर होती, उत्तमला ते ती गेल्यावरच कळलं. आमच्याकडे सवाष्ण गेली की माहेरचं लुगडं लागतं. शेवटचं, भावाच्या हातचं. ते अंगावर पडल्याशिवाय तिला नेत नाहीत. मी आठवड्याने वडनेरला गेलो. दुकानात आता फक्त फॉल-पिको आणि पँटी कमी करणं चालतं. मशीनमागे खिळ्याला एक पिशवी टांगलेली होती.

"हिरवं घेतलं होतं," तो म्हणाला. "तिले हिरवंच आवडे. जवाई म्हणे, ठेव तिकडं. ठेवलं. कोणी उचललंच नाई भाऊ. तिच्या नणंदेनं दुसरं टाकलं. मंग मीच उचलून आणलं."

मी पिशवीकडे पाहिलं नाही. त्याने हातातली कैची खाली ठेवली.

"आता वाटते, मीच बोललो असन कुठं तरी. लोक बसते दुकानात, आपलं तोंड असं. आठवत नाई. पन बोललो असन."

तेव्हा सांगता आलं असतं. दुकानात तिसरं कुणी नव्हतं. मी काय म्हणालो? म्हणालो, "जाऊ दे आता." त्याने मान हलवली आणि मला चहा सांगितला. मी तो प्यालो.

वर्तमानपत्रात चूक झाली की खुलासा देतात. आतल्या पानावर, खाली, एका स्तंभात. शिकवणारे सांगायचे, चुकीचं वाक्य पुन्हा छापू नये, बरोबर ते लिहून मोकळं व्हावं. मी दुसऱ्यांच्या चुकांचे शेकडो खुलासे लिहिले. हा राहिला होता:

‘वडनेर येथील आमचे तत्कालीन वार्ताहर उत्तम यांनी श्री. ढगे यांचे नाव कोणालाही सांगितले नव्हते. ते आमच्या जिल्हा प्रतिनिधीच्या डायरीत होते आणि त्याने ती डायरी स्वतः संस्थाध्यक्षांच्या हातात दिली. नाव वाचले गेल्याचे त्याला त्याच वेळी माहीत होते. डायरी त्याने नंतर, ठरवून पुसली.’

शेवटी दिलगिरीची ओळ घालायची पद्धत आहे. ती घातली की वाचणाऱ्यावर उत्तराची जबाबदारी येते. ती घातलेली नाही.

दोन प्रती हाताने लिहिल्या, खाली सही केली. एक देवळीची, एक वडनेरची. दोन्ही पाकिटांवर लाल शाईने ‘बातमी’ लिहिलं. वर्ध्याच्या स्टँडवर देवळीचं पाकीट पहिल्या गाडीत दिलं. मग हिंगणघाटवरून वडनेरला जाणारी गाडी लागली. कंडक्टर पोरगेलासा होता, त्याने पाकीट उलटंपालटं करून पाहिलं.

"बातमी? आता कोन पाठवते जी अशी?"

मी दुकानाची खूण सांगितली. स्टँडसमोर, शिलाईचं. त्याने पाकीट तिकिटाच्या मशीनखाली ठेवलं आणि घंटी दिली.