रोडालिनची सैन्यातून सुटका

बारासानमध्ये नर्सला कुणी ‘कशी आहेस’ असं विचारत नाही. ‘अजून इथेच?’ असं विचारतात. बाजारात मासळी घेताना, चर्चच्या पायरीवर, अगदी हाताला सलाईन लावून घेता घेतासुद्धा. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. नर्सिंग शिकलेली पोरगी गावात दिसली की ती बसथांब्यावर उभी आहे असंच लोकांना वाटतं, आणि बस अजून कशी आली नाही एवढीच त्यांची चौकशी असते.

रोडालिन टांडॉय तिशीला टेकली तरी त्याच थांब्यावर होती. तिच्याबरोबर शिकलेल्यांपैकी एक लंडनला होती, एक जपानला, दोघी दुबईत. ही सरकारी इस्पितळात बायकांच्या वॉर्डात. तिला कुठेच जायचं नव्हतं. यामागे थोर देशसेवा वगैरे काही नव्हतं, उगाच तिच्या पदरी नको ते मोठेपण घालायला नको. तिला गाव आवडायचं, इतकंच. रात्रपाळी संपवून समुद्राच्या कडेने चालत घरी यायचं, दारात चपला काढायच्या आणि आईच्या, म्हणजे नानायच्या हातचा लसूणभात नि सुकी मासळी खाऊन झोपायचं. पण हे काही चारचौघांत सांगण्यासारखं कारण नव्हे. परदेशी जायचं नाही म्हणणाऱ्या नर्सकडे तिथे लोक आजारी माणसाकडे बघावं तसे बघतात.

शिवाय तिच्या मागे टिता नेनिता होती. टिता म्हणजे नानायची धाकटी बहीण. वीसेक वर्षं रियाधच्या एका इस्पितळात म्हाताऱ्यांना उचलायचं, न्हाऊ घालायचं, कुशीवर वळवायचं काम करत होती. लग्न राहूनच गेलं. घरावरचा पत्रा टिताचा, विहिरीवरचा पंप टिताचा आणि रोडालिनच्या कॉलेजची फीसुद्धा टिताचीच. घरात एक गोष्ट ठरलेली होती, आणि ती कधी ठरली ते कुणालाच आठवत नव्हतं इतकी जुनी होती. रोडालिन नर्स होणार, रियाधला जाणार, मग टिता परत येणार.

अशात मोठ्या वादळाचं वर्ष आलं. सैन्याच्या राखीव दलाला नर्स हव्या होत्या. इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना गोळा करून विचारलं, कोण जाणार? कुणी बोलेना. अशी शांतता रोडालिनला सहन होत नसे, म्हणून तिने हात वर केला. बस, अशी ती सैनिक झाली.

दर शनिवारी हायस्कूलच्या मैदानावर लाकडी बंदुका खांद्यावर घेऊन कवायत. सार्जंट होते मानोंग तोमास, म्हणजे तोमासदादा. आठवडाभर ते तीनचाकी चालवत, शनिवारी गणवेश चढवला की त्यांचा आवाज दुप्पट होई. मासळीवाली मानांग गिल्डा, म्हणजे गिल्डाताई, कॉर्पोरल होती. आणि शाळेचे गणिताचे मास्तर शिपाई होते, त्यांना काही केल्या डावा-उजवा कळत नसे.

“मास्तर, डावा पाय! डावा! घड्याळ बांधता ती बाजू!”

“सार्जंट, घड्याळ आज घरी राहिलंय.”

“मग पायसुद्धा घरीच ठेवून यायचा होता!” मानांग गिल्डा मागून म्हणायची आणि सगळी रांग फिसकन हसायची.

रोडालिनला तिथे सगळे ‘डॉक’ म्हणत. पुढच्या पावसात शाळेत पूरग्रस्तांची छावणी उघडली तेव्हा औषधपाण्याचं सगळं तिने एकटीने सांभाळलं. महापौरांचा पुतण्या रांग मोडून पुढे आला तर त्याला दंड धरून मागे नेऊन उभा केला. आपला आवाज इतका चढतो हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. डोंगरातल्या वाड्यांवर शिबिरं झाली, दात काढले, तिथल्या रिवाजाप्रमाणे पोरांच्या सुंता केल्या, म्हाताऱ्यांचे रक्तदाब मोजले. आणि या सगळ्यांत कुणी एकदाही तिला ‘अजून इथेच?’ म्हणून विचारलं नाही. इथे असणं हीच तर त्या तुकडीची नोकरी होती. रोडालिन आयुष्यात इतकी खूश कधीच नव्हती.

मग एका रविवारी दुपारी टिताचा फोन आला. नानायने तो नेहमीप्रमाणे भाताच्या भांड्याला टेकवून सगळ्यांना दिसेल असा ठेवला.

“इंदाय, पोरी, आमच्याकडे जागा निघालीये. माझ्याच मजल्यावर. कागद पाठवून दे लवकर.”

नानायचा घास हातातच राहिला. तिच्या चेहऱ्यावर असं काही उजेड पडल्यासारखं झालं की रोडालिनला ‘नको’ म्हणवेना. आणि ‘हो’ही म्हणवेना. तोंडातून भलतंच निघालं.

“नाही जमायचं, टिता. मी आता राखीव दलात आहे ना. राखीव सैनिकाला देश सोडता येत नाही. सैन्य सोडतच नाही.”

असा काही नियम नव्हता. खुद्द मानोंग तोमासचा भाऊ राखीव दलात होता आणि जहाजावर नोकरी करत जगभर फिरत होता. पण फोनवर टिता म्हणाली, “असं होय. मग सैन्यापुढे आपलं काय चालणार,” आणि विषय संपला.

थाप चांगली दोन वर्षं चालली. नानाय शेजारणींपाशी कधी रडायची, कधी मिरवायची. “काय करू बाई, माझ्या मुलीवाचून सैन्याचं पान हलत नाही.” रोडालिन ऐकायची आणि मूग गिळून बसायची. खरं सांगावं असं रोज मनात यायचं. पण सांगणार काय? सैन्य सोडतं, मीच सोडत नाही, असं? आणि तेही टिताच्या पत्र्याखाली बसून?

एके दिवशी फोनवर टिताच्या गुडघ्याला पट्टी दिसली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गुडघ्यालाही. नानायने फोन ठेवला आणि डोळे पुसले. “म्हाताऱ्यांना उचलता उचलता माझी बहीण म्हातारी झाली,” म्हणाली. मग तिने दोन गावठी कोंबड्यांचे पाय बांधले, पिशवीत घातल्या आणि निनोंग एउसेबिओंकडे गेली.

निनोंग म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळचे धर्मपिता. एउसेबिओ पूर्वी नगरपालिकेत सभासद होते आणि निम्म्या गावाचे निनोंग होते. कुणाच्या पोराला नोकरी, कुणाला परवाना, कुणाला इस्पितळात खाट, सगळीकडे ते शब्द टाकत. त्यांचा शब्द कधी खाली पडला नाही अशी त्यांची ख्याती होती, आणि म्हातारपणी त्यांच्याजवळ ख्यातीखेरीज दुसरं काही उरलंही नव्हतं. रोडालिन पाळी संपवून घरी आली तर ते घरातल्या एकुलत्या एका आरामखुर्चीत बसलेले.

“निनोंग, तुम्ही कशाला त्रास घेता?” रोडालिनच्या तोंडचं पाणी पळालं होतं. “नियमच आहे तो. कुणाच्या सांगण्याने काही—”

“नियम? पोरी, नियम माणसं करतात. आणि प्रत्येक माणसाला कुणीतरी निनोंग असतो. तुझ्या त्या कॅप्टनच्या लग्नात मी साक्षीदार होतो.”

“पण निनोंग—”

“पण नाही नि बिण नाही.” ते नानायकडे वळले. “परफेक्ता, जेवणावळीला डुक्कर सांगून ठेव.”

नानायने आशीर्वादासाठी त्यांचा हात कपाळाला लावला. ती इतकी कृतज्ञतेने वाकली की रोडालिनला त्या वेळी खरं सांगवेना. शनिवारी कवायतीआधी कॅप्टनला गाठायचं आणि सगळं कबूल करायचं, असं तिने ठरवलं. पण निनोंगनी शनिवारची वाट पाहिली नाही.

शनिवारी ती मैदानावर पोचली तर मानोंग तोमास तिला बदामाच्या झाडाखाली घेऊन गेले. टोपी काढून हातात फिरवत राहिले.

“डॉक, आज रांगेत येऊ नकोस.”

“का?”

“निनोंग आले होते परवा. मी कॉफी घेऊन तिथेच उभा होतो. म्हणाले, आमच्या मुलीला सोडा. कॅप्टन हसायला लागले. म्हणाले, अहो, अडवलंय कुणी? राखीवचा माणूस उद्या चंद्रावर जाईना का!” तोमासनी मान हलवली. “म्हाताऱ्याचा चेहरा असा उतरला ना, डॉक. मला वाटलं आता त्यांना तपासायला तुलाच बोलवावं लागतंय. मग हळूच म्हणाले, कॅप्टन, मी तिच्या आईला शब्द देऊन आलोय. डुक्कर सांगून झालंय. आता जाऊन काय सांगू, की काही अडलंच नव्हतं? मग मी काय केलं? काहीतरी सोडवा.”

“काय सोडवा?”

“कॅप्टननीही हेच विचारलं. तर निनोंग म्हणाले, जे काही असेल ते.” तोमासनी टोपी परत डोक्यावर घातली. “तुकडीतून तुझं नाव कमी केलंय. म्हाताऱ्याला रिकाम्या हाताने कसं पाठवणार? लग्नातला साक्षीदार ना.”

“मग मला परत घ्या. आत्ता, याक्षणी.”

“कॅप्टन घेतील की. त्यांचं काय जातंय? पण घरी काय सांगशील?”

रोडालिनने औषधांची पेटी या हातातून त्या हातात घेतली.

“म्हणजे निनोंगना कळलं, मी खोटं बोलले ते,” ती म्हणाली.

“कळलं तर. पण ते कुणाला सांगायचे नाहीत. सांगितलं तर त्यांनी सोडवलं कशातून?”

तिची अब्रू निनोंगच्या मुठीत होती आणि निनोंगची तिच्या. दोघांपैकी कुणालाच मूठ उघडता येत नव्हती. तिकडे शिट्टी वाजली. तुकडी उभी राहिली, मानांग गिल्डा एक पाऊल बाजूला सरकली आणि रोडालिनची जागा भरून गेली. औषधांची पेटी तिने झाडाच्या बुंध्याशी ठेवली. अंगात अजून गणवेश होता आणि सलाम करायचा की नाही तेही तिला कळेना. ती तशीच मागच्या फाटकाने बाहेर पडली आणि कुंपणाला धरून मनसोक्त रडली.

रविवारी दुपारी जेवणावळ झाली. अख्खं डुक्कर निखाऱ्यावर भाजून केळीच्या पानावर मांडलं होतं, शेवयांच्या पराती होत्या, निम्मी गल्ली अंगणात होती. कुरकुरीत कातडीचा पहिला तुकडा निनोंगच्या ताटात गेला. मग निनोंग बोलायला लागले.

“कॅप्टन ऐकेचना. म्हणतो, अशी नर्स मी सोडणार नाही. मी म्हटलं, कॅप्टन, तुझ्या लग्नात मी उभा होतो ते विसरलास? तरी ऐकेना. शेवटी मी टेबलावर हात आपटला!”

रोडालिन पाण्याचे पेले भरत होती. आपलीच थाप तिच्यासमोर दाढीमिशा फुटून पंगतीत बसली होती आणि सगळे तिला वाढत होते.

“विचारा तिलाच!” निनोंग अचानक म्हणाले. “नियम कडक होता की नाही, इंदाय?”

सगळे वळून बघायला लागले. निनोंग मात्र तिच्याकडे न बघता ताटातला तुकडा चिवडत होते. हे तिच्याखेरीज कुणाला दिसलं नाही.

“फार कडक होता, निनोंग,” रोडालिन म्हणाली. पुढे होऊन तिने त्यांचा हात कपाळाला लावला. तो हात घामाने ओला झाला होता.

इतक्यात टिताचा फोन आला. नानायला रडण्याहसण्यात बोलताच येईना, तिने फोन रोडालिनच्या हातात कोंबला.

“इंदाय, जरा आत जा,” टिता म्हणाली. रोडालिन स्वयंपाकघराच्या मागे गेली. “एकटी आहेस?”

“हो.”

“मला ठाऊक होतं हं. माझ्या खोलीत सेबूची एक मुलगी आहे, ती राखीव दलातच आहे. दर सुट्टीत घरी जाऊन कवायत करून येते.”

रोडालिनने मागचं दार ओढून घेतलं. “कधीपासून ठाऊक होतं?”

“तू सांगितलंस त्याच दिवशी तिला विचारलं.”

“मग बोलली का नाहीस?”

“काय बोलू? मी निघाले तेव्हा मलाही जायचं नव्हतं, इंदाय. पण मला असलं काही सुचलंच नाही.” टिता हसली. “म्हटलं, पोरीला सुचलंय तर राहू दे. आपले गुडघे आहेत तोवर रेटू.”

दोन वर्षं जिला फसवलं असं रोडालिनला वाटत होतं, तिने ती दोन वर्षं जाणूनबुजून तिच्यासाठी काढली होती. रोडालिनला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“ऐक,” टिता म्हणाली, “अजूनही यायचं नसेल तर सांग. इथे तुझ्यासाठी धरलेली जागा भरली म्हणून मी तुझ्या नानायला सांगेन. माझ्यावर येईल सगळं, तू काळजी करू नकोस.”

बोलता बोलता टिताने फोन दुसऱ्या हातात घेतला, तेव्हा मागचा लोखंडी पलंग क्षणभर दिसला. त्यावर बॅग उघडी पडली होती, अर्धीअधिक भरलेली. टिताच्या लक्षात आलं तसा तिने झटकन फोन भिंतीकडे वळवला.

“जागा भरली असं काही सांगू नकोस,” रोडालिन म्हणाली. “मी येते.”

टिता तोंडावर हात दाबून नुसती रडत राहिली. बाहेरून नानाय हाका मारत होती, निनोंग निघालेत, लवकर ये, निरोप द्यायचाय. रोडालिनने डोळे पुसले, केसांवरून पाण्याचा हात फिरवला आणि ती बाहेर गेली.