आमच्या गावापुढचा महामार्ग नेमका कुणाचा?

मित्रांनो, जरा ऐका. आज सकाळी गेवराईजवळ महामार्ग ओलांडताना माझ्या मेंढपाळ मामांना ट्रकनं उडवलं. पाय मोडला, जीव वाचला.

गावापाशी गाड्यांचा वेग कमी करा म्हणून महामार्गाच्या ऑफिसात गेलो. साहेब म्हणाले, "रस्ता केंद्राचा, पण वेग बघणारे पोलीस राज्याचे." तसाच ठाण्यात गेलो. हवालदार म्हणाले, "रस्ता केंद्राचा हाय. तिथं गतिरोधक आमी कसा बसवणार?"

शेवटी गावातल्या बायांनी संतापून रस्त्यावर जुने टायर मांडले. लगेच दोन्हीकडची माणसं हजर! "काढा हे! कुणाला विचारून ठेवलं?"

अडवायचा अधिकार दोघांकडं हाय, मग वाचवायचा कुणाकडं? तुमच्या गावात हे कोण बघतं? खरंच सांगा.