मागे केलेला हात

दुपारी टीव्हीवर परदेशातल्या स्पर्धांमधली रिले शर्यत लागली होती. आपल्या संघातली एक मुलगी मागे न बघता पळत सुटली आणि तिने उघडा तळवा मागे धरला. मग तेच दृश्य संथ करून दाखवलं. पाण्यातून चालावं तशी ती पुढे सरकत होती आणि तळवा हवेत तरंगत होता. त्यावर कुणीतरी काठी ठेवणार, एवढाच भरवसा. आयुष्यात मिळालेलं बरंचसं असंच मिळतं, देणाऱ्याचा चेहराही न दिसता.

मीही एकदा देशाचा बनियन घालून तसा उभा होतो. मागून काठी घेऊन शिवा येणार होता. "मी खुणेवर आलो की सूट, लेका," तो सकाळीच म्हणाला होता. "आधी सुटलास तर तुला गाठायला मला रिक्षा करावी लागंल." ती खूण मीच बुटाच्या खिळ्याने मातीत ओढली होती. पण गर्दीचा आवाज उसळला आणि मी आधीच सुटलो. काठी देण्याघेण्याची आखलेली हद्द ओलांडल्यावर ती माझ्या हातात आली. संघ बाद झाला. मॅनेजरांना मी सांगितलं, "शिवा दमला." शिवा वाकून बुटाच्या नाड्या सोडत राहिला. पुढे संघात मी राहिलो, तो नाही.

पडद्यावर ती मुलगी अजून तरंगतच होती. मी शिवाला फोन लावून सगळं कबूल केलं.

"मला काय सांगतोस? मी मागूनच बघत होतो की," तो म्हणाला. "माझ्या पोरांना सांग. ती अजून मला दमलेला म्हणतात. थांब, थोरल्याला देतो."

"हॅलो, काका?" थोरल्याचा आवाज आला.

मी पहिल्यापासून सांगू लागलो.