मांजरीपेक्षा जास्त आवडायचं म्हणजे

आमचा कुत्रा समोरच्या भुऱ्या मांजरीकडे ज्या नजरेने पाहतो, तसं त्याने माझ्याकडे कधीच पाहिलं नाही. खायला मी घालते, अंगावरच्या गोचिड्या मी काढते, मे महिन्यात कूलर त्याच्या तोंडावर मी वळवून ठेवते. पण ती मांजर नुसती भिंतीवर येऊन बसली की साहेबांचा श्वास अडकतो. उचललेला पाय उचललेलाच राहतो, शेपटी ताठ होते आणि अंगभर बारीक थरथर सुटते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मला पाहून कुणाचा श्वास अडकल्याचं मला आठवत नाही.

तो जातीचा टेरियर. पांढरा, एका कानावर तपकिरी डाग, मांडीवर मावेल एवढा. मुलीने पुण्यात नोकरी लागल्यावर हौसेने घेतला, घरमालक कुरकुरायला लागला तसा ‘थोडे दिवस सांभाळ गं’ म्हणून आमच्या मेहरूणच्या घरी आणून सोडला. थोडे दिवस अजून संपलेले नाहीत. पूर्वी तिचा फोन आला की ती माझी तब्येत विचारायची. आता व्हिडिओ कॉल लावते आणि पहिलं वाक्य, “त्याला दाखव ना.” मी मोबाइल त्याच्या तोंडासमोर धरून उभी राहते आणि पलीकडून माझी मुलगी त्याला ‘सोन्या, राजा’ म्हणत असते. सुरुवातीला मला त्याचाच हेवा वाटायचा. पुढे कुणाकुणाचा हेवा वाटला, ते सांगते.

आमच्या समोर एक जैन कुटुंब राहतं. मूळचे राजस्थानचे, डाळीचा व्यापार. घरातली भाभी सूर्य मावळायच्या आत जेवते, स्वयंपाकघर आवरते आणि उरलेलं दूध ओट्यावर वाटीत ओतते. गल्लीतल्या मांजरींना ही वेळ पाठ आहे. मी शाळेत शिकवून येते, चहा घेते आणि याला फिरायला काढते, तीही हीच वेळ. त्यामुळे आमचं फाटक उघडायचं तेव्हा समोर ओट्यावर पंगत बसलेली असायची आणि पंगतीच्या मध्यभागी ती भुरी, पाटलीणबाईंच्या तोऱ्यात.

एकदा माझ्या हातातून साखळी निसटली. त्याने भुरीला मागच्या पायाला पकडलं. भाभीने वाटीतलं दूधच त्याच्या तोंडावर फेकलं म्हणून ती सुटली. नंतर बरेच दिवस ती लंगडत होती. भाभी ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने दोन्ही हात जोडले आणि म्हणाली, “ताई, माझ्या दाराशी जीव नको जायला. एवढं तुम्ही सांभाळा.” मी मान खाली घालून घरी आले.

आमच्या घरात निर्णय नवरा कमी बोलून घेतो. तो म्हणाला, “परत असं झालं तर याला धुळ्याला वहिनीकडे पाठवायचं.” धुळ्याला माझे थोरले दीर आणि जाऊ राहतात. त्यांचं धान्याचं गोदाम आहे, तिथे उंदीर भरपूर आणि आजूबाजूला मांजर नाही. वहिनी म्हणजे माझी जाऊ, तिला मी अक्का म्हणते. ‘वहिनीकडे’ हा शब्द मला किती झोंबला ते नवऱ्याला कळलं नाही. सासूबाई जाईपर्यंत अक्काच्या हातचं जेवल्या, माझ्या हातचं ‘बरं आहे’ म्हणाल्या. नवरा अजूनही आमटी चाखून म्हणतो, वहिनीसारखी नाही झाली. माणसं नेली ती नेली, आता कुत्राही तिलाच द्यायचा का?

मी त्याला डॉक्टरकडे घेऊन गेले. म्हटलं, इंजेक्शन द्या, गोळी द्या, याची खोड घालवा. डॉक्टर तरुण होता. म्हणाला, “मॅडम, ही खोड नाही, हा त्याचा स्वभाव आहे. पूर्वी यांना बिळात सोडायचे, शिकार करायला. रागवून काही होणार नाही. तुम्ही त्याला मांजरीपेक्षा जास्त आवडायला हव्यात, म्हणजे हाक मारली की येईल.”

मी घरी येईपर्यंत धुमसत होते. या वयात मी कुणाशी बरोबरी करायची, तर भिंतीवर बसून स्वतःचं ढुंगण चाटणाऱ्या मांजरीशी! पण अक्काचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि मी कामाला लागले.

स्टीलच्या लहान डब्यात तुपावर परतलेले पनीरचे तुकडे भरले. घरात पनीर नवऱ्यालाही सणासुदीलाच मिळतं. लांब दोरी आणली. मेहरूण तलावाच्या काठी जायचं, डबा वाजवायचा, “ये रे!” म्हणायचं आणि उलट दिशेने पळत सुटायचं. डॉक्टरने तसंच सांगितलं होतं. पळणाऱ्या वस्तूमागे धावणं त्याच्या रक्तात आहे, तर पळणारी वस्तू तुम्ही व्हा. तेव्हा मी झाले. काठावर फिरायला येणारे लोक थांबून पाहायचे. माझ्या वर्गातल्या दोन मुली मला तशा अवतारात बघून हसत सुटल्या आणि दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला त्यांचे चेहरे फारच गंभीर होते.

मग खरी परीक्षा, म्हणजे भुरी. रस्त्याच्या या टोकाला मी आणि तो, त्या टोकाला ओट्यावर ती. तो तिच्याकडे बघत राहायचा. मी नुसती उभी. कधीतरी त्याचा कान माझ्याकडे वळायचा. कान वळला की पनीर. मग मान वळली की पनीर. भुरी या सगळ्यात पंजा चाटत बसायची, डोळे अर्धवट मिटून. तिला काही करावं लागत नव्हतं. मी रोज वेळेवर येते, पनीर परतते, पळते, घाम गाळते, आणि ही बसल्याजागी सगळं घेऊन जाते. मी मनातल्या मनात तिला दिलेल्या शिव्या भाभीला ऐकू आल्या असत्या तर तिने महिनाभर उपास केले असते.

तरी थंडी सरता सरता फरक पडला. डबा वाजला की तो वळायचा. थरथरत, अनिच्छेने, पण वळायचा. एकदा भुरी त्याच्या पुढ्यातून रस्ता ओलांडून गेली आणि तो माझ्याकडे आला. त्या दिवशी मी नवऱ्यासाठीही पनीर केलं.

मग उन्हाळा लागला आणि अक्का आली. आमच्याकडे वाळवणाला ती दरवर्षी येते. त्यांच्या घरावर पत्रे आहेत, आमची गच्ची मोठी. ज्वारीचे बिबडे, म्हणजे थापलेले पापड, आमच्याच गच्चीवर होतात. पहाटे पीठ शिजवायचं, खाटांवर ओलं धोतर अंथरायचं आणि गरम असतानाच हाताने थापत जायचं. गल्लीतल्या बायका मदतीला येतात. अक्काचे बिबडे पातळ आणि गोल, माझे जाड आणि कुठल्याही आकाराचे. गल्लीला हे माहीत आहे. मला परीक्षेची ड्यूटी होती म्हणून मी सकाळी शाळेत गेले आणि कुत्रा गच्चीवर तिच्याजवळ राहिला.

दुपारी परत आले तर जिन्यातूनच हसण्याचा आवाज येत होता. शेजारीपाजारी सगळ्यांच्या गच्च्या एकमेकींना लागून, त्यामुळे खारी, चिमण्या आणि मांजरी कठड्यांवरून हव्या तिथे फिरतात. सकाळी भुरी ओल्या बिबड्यांवरून पंजे उमटवत गेली होती. अक्का चिडली आणि तिने कुत्र्याला म्हटलं, “छू!” बस. मग तो सकाळभर छू. खार आली, छू. कावळा आला, छू. भुरी परत आली, छू, आणि दोन गच्च्या पार. बायका टाळ्या वाजवत होत्या.

“काय वं,” अक्का मला म्हणाली, “इतका कामना कुत्रा शे आन् तू त्याले देव्हारामा बसाडी ठेवस! बठ्ठं वाळवण राखं त्यानी.” इतक्या कामाचा कुत्रा मी देव्हाऱ्यात बसवून ठेवला होता म्हणे, आणि सगळं वाळवण एकट्या त्याने राखलं.

तो तिच्या पायाशी बसला होता, जीभ बाहेर, धापा टाकत. मी “ये रे” म्हटलं. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो अक्काच्या तोंडाकडे पाहत होता, पुढच्या ‘छू’ची वाट बघत. श्वास अडकलेला, एक पाय उचललेला. तीच नजर. जी मला कधी मिळाली नव्हती आणि जी मी आजवर फक्त भुरीची समजत होते, ती अक्काने एका सकाळीत मिळवली होती, तेही पनीरचा एक तुकडा न देता. आणि बिबडे खरोखरच शाबूत होते. मी खाली जाऊन भांडी घासली. गरज नव्हती, तरी घासली.

त्याच संध्याकाळी फाटकातून बाहेर पडताना भुरी दिसली. मी डबा वाजवला. तो वळला नाही. हिसक्याने दोरी माझ्या तळहातावरून सर्रकन गेली आणि तो भाभीच्या ओट्यामागे घुसला. तिथे जुन्या पिंपामागे भुरीची पिल्लं होती. भुरीने त्याचं नाक असं ओरबाडलं की तो केकाटत बाहेर आला, म्हणून पिल्लं वाचली. भाभीने दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिने मला नमस्कार केला नाही.

नवऱ्याला काही म्हणावं लागलं नाही. अक्काच म्हणाली, “मन्हाकडे धाडी दे. गोदाममा उंदीर शेतस, खुशीमा राही तो.” ती मनापासून म्हणत होती आणि खरं बोलत होती. तिथे त्याला दिवसभर छू मिळणार होतं. कुणी त्याला थांबवणार नव्हतं, मला आवडून घे असं सांगणार नव्हतं. आणि नेमकं हेच मला सहन होत नव्हतं. तो दुरावेल याचं दुःख होतं, पण तो तिथे मजेत राहील याने माझा जास्त जळफळाट होत होता. त्याने धुळ्याला अन्न सोडावं, दाराशी बसून माझ्या नावाने रडावं, अक्काने कंटाळून फोन करावा, असं मला वाटत होतं. प्रेमात माणूस इतकं वाईट चिंतू शकतं हे मला माहीत नव्हतं.

दीर गाडी घेऊन आले ती वेळ नेमकी भाभीच्या वाटीची होती. डिकीत बिबड्यांचे डबे ठेवले. त्याचं अंथरूण, त्याचं ताट ठेवलं. पनीरचा डबाही मीच पिशवीत घातला. साखळी अक्काच्या हातात दिली. मुलीचा फोन वाजत होता, मी उचलला नाही.

तेवढ्यात भुरी पिंपामागून निघाली. तोंडात पिल्लू धरून ती रस्ता ओलांडायला लागली, बहुधा कुत्र्याच्या माहितीची झालेली जागा बदलायला. त्याने मान खाली घातली, मागे खेचली, आणि पट्टा डोक्यावरून निघून अक्काच्या हातातल्या साखळीला लोंबत राहिला. तो सुटला. भुरी रस्त्याच्या मधोमध थिजली. तोंडात पिल्लू, त्यामुळे तिला ना फिस्कारता येत होतं, ना धड पळता येत होतं.

अक्का ओरडली, “अरे! अरे! थांब!” तिच्याकडे त्याला सोडायचा शब्द होता, परत बोलवायचा नव्हता. भाभी दारात वाटी धरून उभी होती. माझ्या हातात डबा नव्हता, काहीच नव्हतं. मी “ये रे!” म्हणून ओरडले, पाठ फिरवली आणि सगळ्या गल्लीदेखत उलट्या दिशेने पळत सुटले. साडी गुडघ्यापर्यंत, एक चप्पल मागे राहिली. मागे काय होतंय ते मी पाहिलं नाही, कारण पाहण्यासाठी थांबले असते तर तो आला नसता.

कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाला धरून थांबले तेव्हा पायाशी धापा ऐकू आल्या. तो आला होता. तोंडात काही नव्हतं. मागे रस्त्यावर भुरी पिल्लू घेऊन दिरांच्या गाडीखालून पलीकडे गेली.

मी खाली बसले आणि रिकामा हात पुढे केला. त्याने हात हुंगला, त्यात काही नव्हतं, तरी तो बसून राहिला. त्याचं अंग अजून थरथरत होतं. बसला मला पाठ टेकून, पण मान पूर्ण वळवून तिकडेच पाहत होता, ज्या बाजूला ती गेली त्या बाजूला. श्वास अडकलेला. नजर तीच.

अक्का पट्टा घेऊन आली. तिने त्याच्याकडे आणि माझ्या रिकाम्या हाताकडे पाहिलं. मग तिने पट्टा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “ठेव माय, तुन्हाकडेच ऱ्हाऊ दे.” आयुष्यात पहिल्यांदा मला तिच्या चेहऱ्यावर माझ्याच ओळखीचा हेवा दिसला, आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

तो आता इथेच आहे. मी अजून त्या मांजरीवर जळते. डॉक्टरने सांगितलेलं मला काही जमलं नाही, मांजरीपेक्षा जास्त मी त्याला कधीच आवडले नाही. त्या संध्याकाळीही त्याला तीच हवी होती, जिवापाड हवी होती, अगदी पुढ्यात होती. आणि तिला तशीच सोडून तो माझ्या रिकाम्या हाताकडे आला होता.